घरी जा आणि जाळं विण

गेल्या अंकात मी 'मासा दिलात तर एक दिवसाचं पोट भरतं, मासे पकडायला शिकवलंत तर जन्माचं' ही म्हण चिनी म्हणून लिहून टाकली आणि त्यावरून एवढी पत्रं, एवढे मेसेज आले की यावेळचं सदर त्यालाच द्यायचं ठरवलंय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाहीये, पाच निवडलेत. बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : ताई, आमचं अख्खं खानदान मच्छीमार. ही मासेमारीची म्हण शाळेपासून भाषणात ऐकतोय, कधी कन्फ्यूशियसच्या नावावर तर कधी लाओत्सेच्या. नक्की कोणाची? आणि आम्हाला तर कोणी बसवून शिकवलं नाही, बघून बघूनच आलं सगळं. – एक वाचक, वर्सोवा

उत्तर : दादा, आधी चूक कबूल करते. ही म्हण जुन्या चिनी ग्रंथात सापडत नाही. कन्फ्यूशियसचीही नाही, लाओत्सेचीही नाही. तिच्यासारखं वाक्य छापलेलं मिळतं ते ॲन थॅकरे रिची या इंग्रज लेखिकेच्या १८८५ सालच्या कादंबरीत, आणि तिथे ते चीनचं म्हणून नाहीये. चीनमध्ये आज ही म्हण सर्रास वापरतात, त्यामुळे आपला घोळ होतो आणि माझाही झाला.

पण खरी चिनी म्हण आहे ना, ती तुमच्या जास्त जवळची आहे. इसवीसनपूर्व १३९ साली ल्यू आन नावाच्या राजपुत्राने आपल्या पदरच्या विद्वानांकडून तयार करून घेतलेला एक ग्रंथ सम्राट वू ला नजर केला, ह्वायनानत्झ नाव त्याचं. त्यात आहे, नदीकाठी उभं राहून माशांची आस धरण्यापेक्षा घरी जाऊन जाळं विणलेलं बरं. बघा, यात कोणी कोणाला मासा देत नाही आणि कोणी कोणाला शिकवतही नाही. माणूस एकटा पाण्याकडे बघत उभा आहे, समोर मासे दिसतायत, आणि त्याला सांगितलंय की पाठ फिरव, घरी जा. मला हे 'घरी जा' फार आवडतं, कारण मेहनत म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पाण्यात उडी मारणारा माणूस येतो, दारात बसून गाठी मारणारा येत नाही.

तुमच्याकडे तर हे दरवर्षी होतं. जून-जुलैला बोटी बंद, किनाऱ्यावर चढवलेल्या, आणि जाळी बाहेर काढून दुरुस्ती चाललेली. दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याच कोळीवाड्यात एका काकांजवळ तासभर बसले होते. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा कोपरा अडकवून ताण दिलेला, हातात चपटी सुई, तिच्यावर नायलॉनचा दोरा गुंडाळलेला, आणि फाटलेला भाग ताटाएवढा. मला वाटलं आता हे लगेच विणायला घेतील, तर त्यांनी आधी सुरी घेतली आणि भोक अजून मोठं केलं, कडेचे तुटके लोंबणारे धागे सगळे कापून टाकले, चांगली गाठ लागेपर्यंत. मग म्हणाले, सडक्याला बांधलं तर पहिल्याच ओढीला सुटतं. त्यानंतर दोन बोटांच्या मापाने एकेक घर, एकेक गाठ. तासाभरात वीतभरसुद्धा झालं नव्हतं.

बघून बघून शिकलो म्हणता ते मला पूर्ण पटतं. चिनीत एक म्हण आहे, गुरू दारातून आत नेतो, पुढची साधना ज्याची त्याने करायची. तुमच्या वडिलांनी तुम्हाला बोटीवर नेलं ना, तेच दार.

प्रश्न : ताई, वय २७, बीकॉम. एमपीएससी राज्यसेवा तीन वेळा दिली, एकदाच मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. बाबा म्हणतात नशीब नाही, मित्र म्हणतात अजून झोकून दे. मला आतून वाटायला लागलंय की माझी कुवतच तेवढी नाही. ठाण्याला एका ऑफिसात अकाउंट्सची नोकरी मिळतेय. घेतली तर हरलो असं होईल का? – डोंबिवली

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं. 'कुवतच नाही' हे वाक्य तू शेवटी लिहिलंयस पण पत्र सगळं त्याच्याभोवतीच फिरतंय, म्हणून तिथूनच सुरू करते.

अडीच हजार वर्षांपूर्वी कन्फ्यूशियसचा एक शिष्य होता, रान छ्यो. तो एकदा गुरूंना म्हणाला, तुमचा मार्ग मला आवडत नाही असं नाही हो, पण माझी ताकद पुरत नाही. गुरू म्हणाले, ज्याची ताकद खरंच पुरत नाही तो अर्ध्या वाटेत थांबतो, तू तर आत्ताच रेघ ओढतोयस. एवढंच. ओरडले नाहीत, 'तू करू शकतोस बाळा' असंही म्हणाले नाहीत, फक्त दाखवून दिलं की रेघ तुझ्या हाताने ओढली गेलीय. आणि गंमत बघ, याच रान छ्योचं नाव पुढे गुरूंच्या शिष्यांमध्ये राज्यकारभारात हुशार म्हणून घेतलं गेलंय. म्हणजे ज्याला वाटत होतं आपल्याला झेपणार नाही, तो प्रशासनातला माणूस निघाला. तू ज्या परीक्षेला बसतोयस ती पण प्रशासनाचीच, म्हणून हे तुला मुद्दाम सांगतेय.

आता लोक ही गोष्ट सांगून तिथेच थांबतात आणि 'म्हणून सोडू नकोस' म्हणतात. मी थांबणार नाही. वाक्य परत वाच. ज्याची ताकद खरंच पुरत नाही तो अर्ध्या वाटेत थांबतो, याला गुरूंनी नावं ठेवलेली नाहीत. चालत चालत जाऊन दमून थांबला, ठीक आहे, तो चालला होता. बोलणं खाल्लं ते न चालता रेघ ओढणाऱ्याने. तू तीन वेळा परीक्षा दिलीयस, डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडून लायब्ररी गाठलीयस, दारात लटकून नोट्स वाचल्यास असं तूच लिहिलंयस. तू कुठे रेघ ओढलीस? त्यामुळे ठाण्याची नोकरी घेतलीस तर हरलास असं मी अजिबात म्हणणार नाही. घे. पगार येऊ दे घरात, आणि पुढची एक परीक्षा नोकरी करून दे, हे माझं स्पष्ट मत आहे.

मित्र म्हणतात झोकून दे, ते प्रेमाने म्हणत असतील. पण मेन्शियस या जुन्या चिनी विचारवंताचं जे विहिरीचं वाक्य आहे, की कितीही खोल खणली आणि पाण्याला लागायच्या आधी सोडली तर ती टाकून दिलेली विहीरच, ते वापरून मुलांना वर्षामागून वर्षं खणायला लावलेलं मी बघितलंय. माझ्या भाच्याच्या बाबतीत एका क्लासने हेच केलं, फी भरून घेतली दरवर्षी, आणि कधी त्याचा एक पेपर समोर घेऊन बसले नाहीत. मला अजून त्याचा राग आहे. खणायचं म्हणजे तेच ते परत करायचं नाही रे.

मेन्शियसनेच दुसरीकडे तिरंदाजाची उपमा दिलीय, ती धर. तिरंदाज आधी आपलं उभं राहणं नीट करतो मग बाण सोडतो, आणि नेम चुकला तर जिंकणाऱ्यावर जळत नाही, कारण स्वतःत शोधतो. स्वतःत शोधणं म्हणजे स्वतःला शिव्या देणं नव्हे. 'कुवतच नाही' ही स्वतःला दिलेली शिवी आहे, तिच्यात कारण एकही नाही. कारण असं असतं की पूर्वपरीक्षेत माहीत नसलेले प्रश्न अंदाजाने टिक केले आणि निगेटिव्ह मार्किंगमध्ये गेले, किंवा वेळ संपला, किंवा अर्थशास्त्राचं पुस्तक चार वेळा वाचलं पण प्रश्न एकदाही सोडवले नाहीत. तर या रविवारी तिन्ही वर्षांचे पेपर काढ, उत्तरतालिका घे, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने लिही, येतच नव्हतं, की येत होतं पण गडबडलो, की नुसता अंदाज मारला. वर मी कोळीवाड्यातल्या काकांचं लिहिलंय ना, आधी सडके धागे कापले, ते हेच. मेजॉरिटी कुठल्या खान्यात पडते ते मला कळव, मग बोलू.

आणि बाबांच्या नशिबाबद्दल. बाबांशी भांडू नकोस, त्यांनी आयुष्यात बरंच बघितलेलं असतं. श्युनत्झ नावाचा विचारवंत होता, इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकातला, फार रोखठोक माणूस. तो म्हणतो, पावसासाठी विधी केला आणि पाऊस पडला, याचा अर्थ काय? काही नाही, विधी न करताही पडला असता. आणि तोच असंही म्हणतो की शहाणा माणूस जे स्वतःच्या हातात आहे ते मन लावून करतो, जे आभाळाच्या हातात आहे त्याची आस धरत बसत नाही. जागा किती निघणार, तारीख पुढे ढकलणार का, मेरिट कितीवर लागणार, हा सगळा पाऊस. हजारो मुलं आणि मोजक्या जागा, यात चांगली मुलंही राहतात, त्याला तू कारण नाहीस आणि ते तुझ्या डोक्यावर घेऊ पण नकोस. पेन्सिलीचे तीन खाने तेवढे तुझे.

प्रश्न : बीकेसीतल्या आमच्या ऑफिसमध्ये चार चिनी अक्षरांची फ्रेम आहे. बॉस म्हणतात 'कधीच आराम करू नका' असा अर्थ आहे. खरं का? (फोटो पाठवलाय.)

उत्तर : फोटो बघितला. ज छ्यांग बू शी. स्वतः, बळकट, नाही, थांबणं. स्वतःला बळकट करत राहा, थांबू नका. मूळ आहे ई चिंग या फार जुन्या चिनी ग्रंथावरच्या भाष्यात, आणि पूर्ण वाक्य असं की आभाळाची गती जोमदार आहे, तसं सज्जनाने स्वतःला न थांबता बळकट करत राहावं. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठाच्या ब्रीदवाक्याचा हा अर्धा भाग आहे, ल्यांग छीछाव या विचारवंताने १९१४ साली तिथल्या मुलांसमोर केलेल्या भाषणातून आलेला. दुसरा अर्धा भाग जमिनीसारखं मोठं मन ठेवून इतरांचा भार पेलण्याबद्दल आहे, तो तुमच्या फ्रेममध्ये नाहीये, ती पण कोणीतरी आणून लावायला हवी.

शेवटच्या अक्षराचा अर्थ थांबणं आहे तसा श्वास पण आहे. आणि वाक्यात उदाहरण आभाळाचं दिलंय, आभाळात दिवस होतो तशी रात्र पण होते. रात्री अकराला लॅपटॉप उघडायचा हा अर्थ त्यात मला तरी कुठे दिसत नाही.

प्रश्न : मुलगी नववीत. गणित, प्रोजेक्ट, निबंध, मी शेजारी बसले नाही तर काहीच होत नाही. बसले की मीच अर्धं सांगते. मिस्टर म्हणतात सोडून दे, आपटली की शिकेल. मला जमत नाही. गावाला शेती होती, आईवडील अडाणी, आम्हाला कोणी नाही बसवलं, म्हणून मला वाटतं हिला तरी सगळं मिळू दे. – भांडुप (मूळ सावंतवाडी)

उत्तर : वहिनी, गावाला भात होतं ना, मग हे तुम्हाला पुस्तकाशिवाय कळेल. मेन्शियसने सांगितलेली गोष्ट आहे, सोंग नावाच्या राज्यातल्या शेतकऱ्याची. रोपं वाढत नाहीत म्हणून हा बेचैन, तर एक दिवस शेतात गेला आणि एकेक रोप धरून थोडं थोडं वर ओढलं. संध्याकाळी घरी आला, म्हणे आज फार दमलो, रोपांना वाढायला मदत करून आलोय. पोरगा धावत शेतावर गेला तर सगळी सुकलेली.

तुम्ही म्हणाल आम्ही पण तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटतो. हो, पण तुम्ही मुळासकट काढता आणि दुसऱ्या चिखलात नीट लावता, ते रोप परत आपल्या पायावर उभं राहतं. यानं मूळ अर्धवट सोडवलं आणि तिथेच ठेवलं. मुलीचं अर्धं गणित तुम्ही सांगता तेव्हा नेमकं तसं होतं, वरून उंच दिसतं, खाली धरलेलं नसतं. आणि त्या माणसाचं दमणं खोटं नव्हतं बरं का, दिवसभर वाकून राबला होता बिचारा. तुमचं दमणं पण खोटं नाहीये, ते मला पत्रातच दिसतंय.

पण मिस्टरांनाही हे वाचून दाखवा, कारण मेन्शियस तिथेच दुसऱ्या प्रकारच्या माणसाबद्दल पण बोलतो, काही उपयोग नाही म्हणून शेताकडे बघायचंच सोडून देणारा, तण सुद्धा न काढणारा. ओढू पण नका आणि सोडू पण नका. मग उरतं काय तर बेणणी, म्हणजे तण काढणं.

घरात बेणणी म्हणजे काय, मोबाईल दुसऱ्या खोलीत, टीव्ही बंद, टेबल रिकामं, आणि तुम्ही तिथेच पण तुमचं काम घेऊन, मेथी निवडत म्हणा, मटार सोलत म्हणा. हात गुंतलेले असले की वही ओढून घ्यायचा मोह कमी होतो, मी स्वतः माझ्या मुलासोबत हे केलंय आणि पहिले पंधरा दिवस फार जड गेले. ती अडली की लगेच बोलू नका. कन्फ्यूशियस म्हणायचा, समजून घ्यायची धडपड शिष्याच्या आत सुरू झाल्याशिवाय मी त्याला उघडून दाखवत नाही, आणि मी एक कोपरा दाखवला आणि त्यावरून बाकीचे तीन त्याने शोधून आणले नाहीत तर परत सांगत नाही. वाचायला कडक वाटतं, पण एक कोपरा तो दाखवायचाच, हे विसरू नका. भूमितीचं असेल तर एवढंच विचारा, 'दिलेलं काय आहे, आकृतीत लिहिलंस का?' तो एक कोपरा. मग परत मेथी. दहा मिनिटं गेली, रडली, वही आपटली, तरी मेथी. ती चुकीचं उत्तर घेऊन आली तरी त्या दिवशी शाबासकी द्या, कारण ते तिचं आहे.

आणि आईवडिलांनी बसवलं नाही म्हणता, पण तुम्ही शिकलात, मुंबईत आलात, आज एवढं नीटनेटकं पत्र लिहिलंत. ते कोण शिकवून गेलं, हा विचार एकदा करा.

प्रश्न : मी विरारला डब्यांचं काम करते, सध्या चौदा डबे. मोठी शेगडी आणि डीप फ्रीजर घेतला तर तीस होतील. भाऊ पैसे देतो म्हणतोय पण मी नाही म्हटलं. घटस्फोटानंतर ठरवलंय, कोणापुढे हात पसरायचा नाही. तुम्ही मागे लिहिलं होतं ना चिनी म्हण, दुसऱ्याला मागण्यापेक्षा स्वतःला मागा. तेच धरून आहे.

उत्तर : लिहिलं होतं, आणि ती म्हण खरी आहे. पण ताई, ती एकटीच धरून बसाल तर त्रास होईल, म्हणून तिच्यासोबत दुसरी गोष्ट देते.

यू-गोंग नावाचा नव्वदीचा म्हातारा, नावाचा अर्थच मुळी 'वेडा म्हातारा' असा. घरासमोर थायहांग आणि वांगवू असे दोन डोंगर, जायला यायला वळसा. तर हा म्हणाला, खणून काढू. दगड माती टोपल्यांनी नेऊन बोहायच्या समुद्रात टाकायची, आणि एका खेपेला जाऊन यायला उन्हाळ्याचा हिवाळा व्हायचा. एक शहाणा म्हातारा हसला तेव्हा यू-गोंगचं उत्तर ठरलेलं, मी मेलो तर मुलगा आहे, मग नातू, मग त्याचा मुलगा, आणि डोंगर काही वाढत नाही. शेवटी आभाळातल्या देवाने डोंगर उचलून नेले. स्वतःच्या बळावर करण्याची ही चीनमधली सगळ्यात मोठी गोष्ट, १९४५ साली माओने भाषणात सांगितली, आणि तो म्हणाला की आमचा देव म्हणजे जनता.

पण गोष्टीत नीट बघा हो, म्हातारा एकटा कुठे आहे? त्याने आधी घरच्यांना बसवून विचारलं. बायकोने शंका काढली, एवढी माती टाकणार कुठे, आणि ती शंका बरोबरच होती. मुलं नातू खणायला आले. आणि शेजारच्या विधवा बाईचा सात-आठ वर्षांचा पोरगा, ज्याचे दुधाचे दात नुकते पडत होते, तो उड्या मारत मदतीला आला. त्या पोराला कोणी परत पाठवलं नाही. मला ही सगळी गोष्ट त्या पोरासाठी आवडते.

हात पसरणं आणि हात धरणं एक नाही. तुम्ही पहाटे चारला उठता, कणीक तिंबता, विरार फास्टच्या वेळेआधी चौदा डबे भरून खाली उतरवता, डोंगर तुम्हीच खणताय. भाऊ टोपली देतोय. आणि कन्फ्यूशियस असंही म्हणून गेलाय की ज्याला स्वतः उभं राहायचंय तो दुसऱ्यालाही उभं करतो, मग भावाला पण कधीतरी ते करू द्या की. तीस डबे झाल्यावर तुम्हाला हाताखाली एखादी बाई लागेल, तिच्यासाठी तुम्ही तेच कराल.

पैसे घ्या, पण बहीण-भाऊ म्हणून तोंडी ठेवू नका. शंभर पानी वही आणा, पहिल्या पानावर तारीख, आकडा, दर महिन्याला किती परत करणार ते लिहा, दोघांनी सही करा. शेगडी आधी घ्या, फ्रीजर दोन महिन्यांनी, डबे वीसच्या वर गेले की. आणि चौदाच्या पुढचा पंधरावा डबा कोणाचा लागला ते मला कळवा.